जुन्या कपाटाचा रंग कुठे उडतो?

प्रश्न : भरीव लाकडाच्या कपाटाला आधी गडद स्टेन (लाकडात मुरणारा रंग) आणि वर मोतिया रंग दिला. जुनं दिसावं म्हणून मशीनने सगळ्या कडा घासल्या, साखळीने ठोकलं, शेवटी तपकिरी ऑइल ग्लेझ (रंगावर फासायचा तेलाचा अर्धपारदर्शक हात) फासलं. आता कपाट मार खाल्ल्यासारखं दिसतंय. ग्लेझचेही काळपट डाग पडलेत. सगळं खरवडून पुन्हा सुरुवात करू का?

उत्तर : नको, खरवडू नका. कपाट वाचेल.

तुमचा हात सगळीकडे सारखा फिरला, तिथे घोळ झाला. मी वडिलांच्या हाताखाली पॉलिश शिकले. त्यांच्या हत्यारांच्या कपाटाचं उजवं दारच रोज उघडायचं, म्हणून त्या मुठीभोवतीचा रंग पार उडाला होता. डावं दार जवळजवळ नव्यासारखं. खाली झाडू आणि पाय लागतात तिथली कड उघडी पडलेली, बिजागरीकडची मात्र शाबूत, कारण तिला कुणाचा हातच लागत नाही. उघडं पडलेलं लाकूडही पांढरं नव्हतं, हाताच्या तेलामळाने काळवंडलं होतं. तुमच्या कडांना कोरं लाकूड दिसत असेल, तर आधी तिथे स्टेन लावा.

आता तुमच्या कपाटासमोर उभ्या राहा आणि ते रोज वापरता तसं उघडून पाहा. हात लागला तेवढ्याच जागा झिजलेल्या ठेवा, बाकीच्या कडा पुन्हा रंगवायच्या. साखळीच्या खुणांमध्ये एकाच कडीचा ठसा ओळीने उमटला असेल, तर त्यातल्या बऱ्याचशा लांबीने बुजवा. कोऱ्या लाकडावरचा खड्डा असेल तर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवा. तंतू फुगतात आणि खड्डा बराच वर येतो.

डाग पडले, कारण ग्लेझखाली सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बंद करणारा थर, नव्हता. घासलेलं लाकूड आणि फळीचं आडवं कापलेलं टोक रंग अधाशासारखं पितं. डागांवर 220 नंबरचा घासायचा कागद हलका फिरवा, धूळ पुसा आणि मेणविरहित चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात द्या. जुना डाग वरच्या रंगात उतरणार नाही. झीज हवी तिथे मेणबत्ती घासा आणि मग मोतिया रंग द्या. सुकल्यावर कागद हाताने फिरवला की मेणावरचा रंग सुटून येतो. मशीन अजिबात नको. मशीनला थांबायचं कळत नाही, बोटांना कळतं.

उरलेलं मेण टर्पेंटाइनने नीट पुसा, नाहीतर पुढचा कुठलाच थर धरणार नाही. पुन्हा चपड्याचा एक हात, मग ग्लेझ. थोडं थोडं लावा आणि सुकायच्या आत पुसा. खाचांमध्ये, नक्षीत, जिथे धूळ साचते तिथेच ते राहू द्या. आधी एका दाराच्या आतल्या बाजूला करून बघा, घाई नको. ग्लेझ पूर्ण सुकल्यावर वर पाण्यात बनलेला पारदर्शक लॅकर द्या, तेलाचा व्हार्निश मोतिया रंगावर पिवळा पडत जातो. गडद मेण आवडत असेल तर ते सगळ्यात शेवटी.

आणि एक फार कळकळीने सांगते. ऑइल ग्लेझच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. घराबाहेर एकेक मोकळी पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.