वगात टोमणा कुठं बसवायचा?

प्रश्न : आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या मंडळाला दीड तासाचं लोकनाट्य बसवायचं आहे. विषय चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाचा. पुढाऱ्यांची नावं घ्यावीत का? मागच्या प्रयोगात घेतली, तर बरेच प्रेक्षक उठून गेले.

उत्तर : घेऊ नका. नाव आलं की प्रेक्षक ऐकायचं सोडतो आणि 'ही पोरं कुणाची' ते शोधायला लागतो. शिवाय निवडणूक झाली की विनोद शिळा. तमाशाच्या बांधणीत टोमण्याच्या जागा मुळातच आहेत.

गण, म्हणजे सुरुवातीचं गणेशवंदन, पाच मिनिटांत उरका. पहिली मोठी जागा गौळणीत, तिला वीस मिनिटं द्या. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, दह्यादुधाचं दान मागतात. म्हणजे जकात नाकाच की! तुमच्या गौळणींच्या डोक्यावर रिकाम्या घागरी द्या आणि पेंद्याला त्यावरही कर मागू द्या. पुढचं भांडण गौळणींची म्होरकी मावशी बघून घेईल.

बतावणी, म्हणजे विनोदी सवाल-जवाब, दहा मिनिटं. ती एरवी ऐनवेळी फुलते, पण संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची असते, म्हणून लिहून काढा. प्रयोगात शब्द वाढले तर वाढू देत, नवा विषय घुसवू नका.

वगाला, म्हणजे मुख्य कथानाट्याला, पन्नास मिनिटं, सहा प्रवेश. इथं हमखास होणारी चूक म्हणजे राजाला ठार मूर्ख करणं. मग लोक पोटभर हसतात आणि घरी जातात, कारण हा राजा गेला की पाणी येणार असंच त्यांना वाटतं. राजा हुशार ठेवा. उजनी धरण भरलेलं असताना घागर रिकामी का, याचं पटेल असं उत्तर राजा, प्रधान आणि कोतवाल या तिघांकडेही असू द्या. तिघांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, एवढंच सोंगाड्यानं, म्हणजे विनोदी नटानं, बोटांवर मोजून दाखवायचं. त्यानं भाषण सुरू केलं की प्रयोग पडला.

झीलकऱ्यांनाही, म्हणजे मागं सूर धरणाऱ्या साथीदारांनाही, तालमीत बसवा. टोमणा पडल्या पडल्या 'जी जी रं जी' उचललं तर हशा त्यात बुडतो. आधी हशा ओसरू द्यायचा. तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात सोंगाड्याला तेलुगूतली चार वाक्यं जरूर द्या, पण हसू कोतवालाला ती कळत नाहीत याचं यावं, बोलणाऱ्याच्या भाषेचं नव्हे.

रात्री दहाला कर्णे बंद करावे लागतात. आठला ढोलकी वाजलीच पाहिजे.

प्रश्न : 'कीचकवध' तर महाभारतातली कथा. मग इंग्रजांनी त्या नाटकावर बंदी का घातली?

उत्तर : कृ. प्र. खाडिलकरांचं हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचं नाव कुठंही नाही. पण माजलेला कीचक म्हणजे कर्झन, विटंबना सोसणारी सैरंध्री म्हणजे देश, सबुरी सांगणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांनी आपलं आपण ओळखलं. सरकारनंही ओळखलं, जरा उशिरा. १९१० मध्ये बंदी आली. त्यासाठी १८७६ चा नाट्यप्रयोगांवरचा कायदा हाताशी होताच.

प्रश्न : सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर वग चालेल का?

उत्तर : वग नको, पोवाडा करा. सोंगाड्याला तिथं काम नाही. आणि इथं मात्र नावं घ्यायचीच, चारही : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे १९३० मध्ये शहरात लष्करी कायदा लागला. चौघांना येरवड्यात १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली. चौघांना एकाच कडव्यात कोंबू नका, प्रत्येकाला पोवाड्याचा स्वतंत्र चौक, म्हणजे भाग, द्या. बारा जानेवारी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतच येते, तेव्हा ढोलकी-हलगीवाल्यांना डिसेंबरातच विसार देऊन ठेवा.