मराठीच्या तासाला पर्यावरण कसे शिकवावे?

कला शाखेच्या पदवी वर्गांना मराठी किंवा इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकाने, विज्ञानाचे शिक्षण नसताना, पर्यावरण आणि शाश्वतता हा विषय कसा हाताळावा, असे आपण विचारले आहे. मी जालना जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बरीच वर्षे मराठी शिकवतो, म्हणून वर्गातल्या अनुभवातून लिहितो.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालातून पुढे सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांना पर्यावरण अभ्यास सक्तीचा झाला; पण व्याख्या पाठ करणे आणि प्रकल्पाची वही एकमेकांची उतरवणे यापलीकडे तो क्वचितच जातो, याचे मला वाईट वाटते. मराठवाड्यात पर्यावरण म्हणजे आधी पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पाऊस किती मिलिमीटर पडला हे भूगोलाचे शिक्षक सांगतील. पण टंचाईतही ऊस कसा उभा राहतो, टँकरपाशी घागर घेऊन कोण थांबते आणि त्यापायी कोणाची शाळा बुडते, हे विचारायला माणसांच्या गोष्टी वाचता आणि ऐकता याव्या लागतात.

माझा मुख्य स्वाध्याय साधा आहे : घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला गावच्या जुन्या पाणवठ्यांविषयी विचारायचे आणि त्यांच्याच शब्दांत लिहून आणायचे. एका मुलीने आजीकडून मोटेचे, म्हणजे बैलांकरवी विहिरीतून पाणी उपसण्याच्या साधनाचे, शब्द आणले : नाडा आणि सोंदूर हे दोर, धाव म्हणजे बैलांची उतरती वाट, थारोळे म्हणजे पाणी पडायची जागा. वर्गात ते कोणालाच ठाऊक नव्हते. तिने फळ्यावर विहिरीचे चित्र काढले आणि सांगितले की, बैल धावेवरून जेवढे ओढतील तेवढेच पाणी निघायचे, ते दमले की मोट थांबायची आणि तेवढ्यात झऱ्यांनी विहीर पुन्हा भरायची. पंप आला, मग बोअर आले, आणि थांबणेच राहिले नाही. शाश्वतता म्हणजे काय, हे त्या दिवशी मला वेगळे सांगावे लागले नाही.

त्याच तासाला एका मुलाने आजोबांची हकिकत वाचली. त्यांच्या वस्तीला गावच्या आडावर पोहरा सोडता येत नसे. कोणी वरून पाणी वाढेपर्यंत बाजूला उभे राहावे लागे. वर्ग बराच वेळ गप्प होता. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह शिकवायचा तो अशा वेळी. पूर्वीचे सगळे चांगले होते असे सांगणारे पर्यावरण शिक्षण अर्धे खोटे असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाठ्यांपैकी मी सातवाहन काळाशी जोडली जाणारी गाथासप्तशती, म्हणजे प्राकृतातील छोट्या कवितांचा संग्रह, घेतो. तिच्यातील गोदाकाठच्या गाथा वाचून झाल्या की त्याच गोदावरीवर पैठणला १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाकडे आणि त्यासाठी उठलेल्या गावांकडे वळतो. गावांच्या नावांवर एक तास पुरतो : बाभळगाव, पिंपळगाव, चिंचोली, नावातले झाड शिवारात उरले आहे का, ते मुले स्वतः पाहून येतात.

या कामाला अंतर्गत मूल्यमापनाचे गुण अवश्य द्या, नाहीतर हिवाळी परीक्षा जवळ येताच ते मागे पडते. जवळपास बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, असेल तर वर्ग तिथे न्या. पण पावसाळ्यानंतर लगेच नको. फेब्रुवारीच्या अखेरीस पाणी खाली गेलेले असते, खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि दगडावर पाण्याच्या जुन्या रेषा दिसतात; त्या मुलांना मोजायला सांगा.