टाके भरले, तरी दुखतंय

प्रश्न : मॅडम, माझं बाळ सात महिन्यांचं आहे, अंगावरच पितं. डिलिव्हरी नॉर्मल झाली, टाके पडले होते, ते भरलेत. पण संबंधाच्या वेळी सुरुवातीलाच आग होते, चिरल्यासारखं दुखतं. मिस्टर गोकुळ शिरगावला कारखान्यात आहेत. ते जबरदस्ती करत नाहीत, पण मला आता इच्छाच उरली नाही असं त्यांना वाटतं. सासूबाईंना आडून विचारलं तर म्हणाल्या, "बाईच्या जातीला एवढं चालायचंच." खोबरेल लावून बघू का? आणि डॉक्टरांना हे सांगायचं कसं?
— एक वाचक, कळंबा

उत्तर : चालायचं नाही. सासूबाईंवर रागावू नका, त्यांना त्यांच्या वेळी कुणी विचारलंच नसणार. पण दुखणं अंगावर काढू नका.

तुम्ही "सुरुवातीलाच" असं लिहिलंत, त्यानं माझं बरंच काम सोपं झालं. नेमकं कुठं दुखतं, तोंडाशी की आत खोलवर, यावर अर्धं निदान असतं. तुमच्या बाबतीत पहिला संशय कोरडेपणाचा. बाळ अंगावर पीत असताना शरीरातलं इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी असतं, त्यामुळं योनीची आतली त्वचा पातळ आणि कोरडी पडते. पाळी गेल्यावर सासूबाईंच्या वयाच्या बायकांना जो त्रास होतो, त्याचंही मूळ हेच. दुसरा संशय टाक्यांच्या जागेचा. वरून जखम भरली तरी व्रण ताठ राहू शकतो. स्वच्छ बोटानं हलकेच दाबून बघा, एकाच ठिकाणी कळ येत असेल तर डॉक्टरांना तीच जागा दाखवा.

खाज आणि दह्यासारखं पांढरं जात असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. मेडिकलमधून शेजारणीनं सांगितलेली ट्यूब आणून लावू नका, तपासून घ्या. साबणानं किंवा जंतुनाशकाच्या पाण्यानं आतून धुणंही बंद करा, त्यानं आग वाढते. दुखणं खोलवर असतं, पाळीतही पोट असह्य दुखत असतं, तर मी एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) किंवा अंडाशयातल्या गाठीचा विचार केला असता.

आणखी एक गोष्ट होते. दोन-चारदा दुखलं की शरीर आधीच धास्तावतं, योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळतात आणि मग जास्तच दुखतं. ते मुद्दाम कुणी करत नाही. स्नायू सैल सोडायचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात, त्यानं पुष्कळ जणींना फरक पडतो.

खोबरेल चालतं का? निरोध वापरत असाल तर मुळीच नाही, तेलानं रबर कमकुवत होऊन फाटतं. मेडिकलमध्ये पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती भरपूर वापरा. आणि बाळ अंगावर पितंय म्हणून दिवस राहणार नाहीत, या भरवशावर राहू नका. सहा महिन्यांनंतर तो भरवसा उरत नाही, पाळी आली नसली तरी.

मिस्टरांना "नको" म्हणू नका, "दुखतं" म्हणा. त्या दोन शब्दांतला फरक कुणी सांगितल्याशिवाय नवऱ्यांना कळत नाही, हा माझा अनुभव. इलाज होईपर्यंत आत प्रवेश होईल असा संबंध थांबवा, जवळीक थांबवायचं कारण नाही.

आता सांगायचं कसं. माझ्याकडं कितीतरी बायका कंबरदुखीचा केसपेपर काढतात, गोळ्या लिहून घेतात, आणि पर्स उचलून दाराशी गेल्यावर हळूच म्हणतात, "आणि मॅडम, ते संबंधाच्या वेळी पण दुखतंय." तोवर बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलेलं असतं. तुम्ही तेच वाक्य आधी म्हणा. तोंडातून निघत नसेल तर चिठ्ठीवर लिहून पुढं सरकवा. खासगीत जायचं नसेल तर कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. गर्दी असते, शिकाऊ डॉक्टरही असतात, तेव्हा "थोडं बाजूला बोलायचंय" म्हणायला कचरू नका. आतून तपासताना दुखलं तर "थांबा" म्हणायचा हक्क तुमचा आहे, लहान उपकरणही मागता येतं. कोरडेपणा फारच असेल तर लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, पण दूध पाजताना ते द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

संबंधानंतर रक्त जाणं, ताप, ओटीपोटात कळा किंवा घाण वासाचं पाणी, यातलं काही असेल तर दिवाळी, सण-वार बघत बसू नका. जाताना डिलिव्हरीचं डिस्चार्ज कार्ड घेऊन जा, टाक्यांची नोंद त्यावर असते.