निर्बंध ‘संपुष्ट’ होत नाहीत

प्रश्न असा आला आहे: ‘अमेरिकेत कोरोनाकाळातले आरोग्यविषयक निर्बंध मागे घेण्यासाठी २०२३ साली विधेयकं आली, त्याबद्दल मराठीत वाचत होतो. एकाच मजकुरात कुठे निर्बंध “शिथिल”, कुठे “रद्द”, तर कुठे “संपुष्ट” झाले होते. हे तिन्ही एकच का? नसतील तर बरोबर कोणता?’

आधी तिसऱ्याचा समाचार घेतो, कारण तो मला कित्येक वर्षं टोचतो आहे. ‘करार संपुष्ट झाला’, ‘सेवा संपुष्ट केली’, आणि आता ‘निर्बंध संपुष्ट’. मराठीत असं काही होत नाही. गोष्ट संपुष्टात येते किंवा संपुष्टात आणली जाते. तो ‘त’ काढायचा अधिकार कुणालाच नाही. कायदा अस्तित्वात येतो, अंमलात येतो आणि एक दिवस संपुष्टात येतो. ‘कायदा अंमल झाला’ असं आपण म्हणतो का? मग शेवटाच्या वेळीच विभक्ती का गाळायची?

बरं, गाळून काय उरतं तेही बघा. ‘संपुष्ट’ एकटा, विशेषण म्हणून घेतला तर संस्कृतात तो सम् अधिक पुष्ट होतो, म्हणजे उत्तम पोसलेला, धष्टपुष्ट. ‘निर्बंध संपुष्ट झाले’ म्हणजे निर्बंधांनी चांगलं अंग धरलं. लिहिणाऱ्याला सांगायचं होतं ते याच्या बरोब्बर उलट.

मग संपुष्टात म्हणजे कशात? डबीत!

मूळ शब्द संपुट. दोन पोकळ वस्तू तोंडाला तोंड लावून मिटल्या की मधे जी बंद जागा तयार होते ते संपुट. शिंपल्याची दोन दलं मिटली की संपुट. दोन तळवे जुळले की करसंपुट. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात मातीच्या दोन परळांमध्ये औषध ठेवतात, परळ काठाला काठ भिडवून सांधा मातीत भिजवलेल्या कापडाने लिंपतात आणि आच देतात, ते शरावसंपुट. सप्तशतीच्या पाठात प्रत्येक श्लोकाच्या आधी आणि नंतर एकच मंत्र म्हटला की श्लोक दोन्हीकडून झाकला जातो, पाठ संपुटित होतो. आणि जुन्या मराठीत हाच शब्द ‘संपुष्ट’ अशा रूपात भेटतो, तिथे त्याचा अर्थ आहे देवांची डबी. शाळिग्राम आणि लहान मूर्ती ठेवायची, झाकण असलेली.

यातला पुट तर घरोघरी आहे. पुडी, पुडा, पुडकं ही त्याचीच लेकरं. नासापुटाची नाकपुडी झाली. साखरपुड्यातला पुडाही तोच. म्हणजे एखाद्या नात्याची सुरुवात पुड्याने होते आणि एखाद्या कराराचा शेवट संपुष्टात होतो, आणि दोन्हीकडे शब्द एकाच मुळाचा! हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी हातातलं सगळं काम बाजूला ठेवून दिवसभर पुट शोधत बसलो होतो.

ट चा ष्ट कसा झाला, याबद्दल माझं मत मी ठामपणे मांडतो. शेजारी ‘संतुष्ट’ बसलेला. पुष्ट, तुष्ट, इष्ट ही सगळी प्रतिष्ठित मंडळी. त्यांच्यात साधा ‘संपुट’ अशुद्ध वाटला आणि कुणीतरी तो ‘शुद्ध’ केला. ‘शाप’ पुरेसा संस्कृत वाटेना म्हणून आपण त्याचा ‘श्राप’ केला, तीच ही प्रवृत्ती.

इथे काही विद्वान आडवे येतात. ते म्हणतात, संपुष्ट म्हणजे पूर्ण पुष्ट, म्हणजे वाढ पुरी झालेलं, म्हणजे संपलेलं. ही जुळवाजुळव आहे. पहिली गोष्ट, पुरी वाढ होणं आणि संपणं यांच्यात आयुष्यभराचं अंतर असतं. दुसरी आणि निर्णायक गोष्ट म्हणजे तो ‘त’. तो अधिकरणाचा, म्हणजे ‘कशात, कुठे’ सांगणारा प्रत्यय, आणि त्याला जागा लागते. ‘पोसलेल्यात येणे’ याला काही अर्थ नाही, ‘डबीत येणे’ याला आहे. ज्या व्युत्पत्तीत विभक्तीचं उत्तर नाही ती मी स्वीकारत नाही, मग ती कितीही मोठ्या नावाने सांगितलेली असो. आणखी एक गट शब्दाच्या सुरुवातीच्या ‘संप’वर भाळतो आणि त्याला ‘संपणे’शी जोडून मोकळा होतो. कानाला तसं वाटतं हे कबूल. माझ्या मते ‘संपुष्ट झाले’ ही चूकही त्याच कानातून जन्मली: ‘संपले’ तसं ‘संपुष्ट झाले’. पण कानाला वाटणं म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

आता माझा आवडता मुद्दा. पूजा आटोपली की देव डबीत जातात आणि झाकण लागतं. त्या दिवसाचा विधी तिथे संपतो. वाक्प्रचार याच कृतीतून आला असं मी मानतो: पसारा आवरला, डबी मिटली, काम संपुष्टात आलं. पण देव कुणी टाकून दिलेले नसतात. दुसऱ्या दिवशी झाकण उघडतं आणि तेच देव बाहेर येतात. म्हणजे संपुष्टात आणणे हा मिटण्याचा शब्द आहे, नष्ट करण्याचा नाही. मराठीत त्याचं भावंड आहे, ‘बासनात गुंडाळणे’. बासन म्हणजे पोथी किंवा दप्तर बांधायचं फडकं. तिथेही वस्तू शाबूत राहते.

आणि म्हणूनच अमेरिकेतल्या त्या घडामोडींना हा शब्द चपखल बसतो, त्याच्या ‘त’सकट. तिथे एक नव्हे, निरनिराळ्या गोष्टी घडल्या आणि तुमच्या मजकुराने त्या एकात कालवल्या. १३ मार्च २०२० रोजी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली, ती १९७६च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्याच्या आधारे. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन्ही सभागृहांनी ती संपवणारा संयुक्त ठराव मंजूर केला आणि १० एप्रिल २०२३ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी त्यावर सही केली. आणीबाणी गेली, पण १९७६चा कायदा जागच्या जागी आहे, उद्या लागला तर पुन्हा काढता येतो. डबी मिटली. ही आणीबाणी संपुष्टात आली, हे वाक्य पूर्णपणे खरं आहे.

सार्वजनिक आरोग्य आणीबाणी वेगळी. ती एका वेळी ९० दिवसांची असते आणि मुदत वाढवत न्यावी लागते. ती वाढवली नाही, ११ मे २०२३ला संपली. तीही संपुष्टातच आली. पण ३१ जानेवारी २०२३ रोजी ‘महामारी संपली’ अशा अर्थाच्या नावाचं जे विधेयक प्रतिनिधिगृहात २२० विरुद्ध २१० मतांनी मंजूर झालं, त्याला सिनेटची मंजुरी मिळाली नाही. त्याने काहीच संपुष्टात आणलं नाही, आणि त्या विधेयकापुढे ‘निर्बंध संपुष्ट’ लिहिणं ही भाषेची चूक आहेच, बातमीचीही आहे.

‘निर्बंध’ हा शब्दही इथे तोकडा पडतो. मास्क, दुकानं बंद ठेवणं, जमावावर मर्यादा हे तिथे मुख्यतः राज्यांच्या आणि स्थानिक अधिकाऱ्यांच्या हातातलं होतं. केंद्रीय आणीबाणीखाली पुष्कळशा सवलतीही होत्या: दूरध्वनी किंवा व्हिडिओवरून रुग्ण तपासण्याचे नियम सैल केलेले, रुग्णालयांना काही अटींतून सूट. डबी मिटली तेव्हा यातल्या काही सवलतीही आत गेल्या. म्हणून आणीबाणीबद्दल बोलताना ‘आणीबाणी संपुष्टात’ एवढंच लिहावं.

कायदाच काढून टाकला तर? त्याला आपल्या कायद्यांच्या मराठी पाठात नेमका शब्द आहे: निरसन. ‘निरसन व व्यावृत्ती’ असं कलम बहुतेकदा अधिनियमाच्या शेवटी असतं (व्यावृत्ती म्हणजे जुन्या कायद्याखाली झालेलं वाचवून ठेवणं). निर् अधिक अस्, म्हणजे बाहेर फेकणं. शंकानिरसनातही शंका बाहेर फेकलेली असते, डबीत ठेवलेली नसते! हा फरक केवळ शब्दप्रेमींचा नाही. आपल्याकडे १८९७च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं कलम ६ सांगतं की कायद्याचं निरसन झालं तरी, विरुद्ध हेतू दिसत नसेल तर, त्याखाली आधी घडलेल्या गोष्टी, जडलेली दायित्वं, चालू असलेले खटले टिकतात. पण तात्पुरता कायदा मुदत संपून आपोआप गेला तर हे कलम लागू होत नाही. त्या कायद्यातच तशी तरतूद असावी लागते. म्हणजे निरसन झालं की मुदत संपली, यावर एखाद्याचा खटला उभा राहील की पडेल हे ठरू शकतं. ‘साध्या मराठीत दोन्हीला रद्दच म्हणा’ असा सल्ला देणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे वाचावं.

ब्रिटनचा २०२०चा कोरोना कायदा मुदतीच्या वाटेने गेला. २५ मार्च २०२० रोजी तो मंजूर झाला तेव्हाच त्याला दोन वर्षांची मुदत घातलेली होती आणि त्यातल्या बऱ्याच तात्पुरत्या तरतुदी मार्च २०२२मध्ये त्या मुदतीने संपल्या. त्यांना निरसन म्हणू नये. भारतातलं उदाहरण तर माझ्या डबीसाठीच घडल्यासारखं आहे: मुंबईतल्या प्लेगसाठी १८९७ साली केलेला साथरोग कायदा २०२०मध्ये पुन्हा बाहेर काढावा लागला. शंभराहून अधिक वर्षांनीही कायदा डबीत शाबूत होता.

राहिले तुमचे दोन शब्द. ‘रद्द’ अरबी, मूळ अर्थ परतवणं, माघारी धाडणं. एखादा हुकूम वा परवाना काढणाऱ्यानेच किंवा त्याच्या वरच्याने मोडीत काढला की तो रद्द. स्थानिक अधिकाऱ्याने मास्कसक्तीचा आदेश काढला आणि न्यायालयाने तो मोडला, तिथे रद्द बरोबर. निर्बंधांना मात्र ‘उठवणे’ जास्त शोभतं: बंदी बसते, कर बसतो, आणि जे बसतं ते उठतं.

‘शिथिल’ यापैकी कशाच्याच ऐवजी चालणार नाही. सैल हे त्याचंच घरगुती रूप. शंभर माणसांची मर्यादा दोनशेवर नेली तर निर्बंध शिथिल झाले, मर्यादा अजून आहे. १० एप्रिल २०२३ला सही झालेल्या ठरावाने काही सैल केलं नव्हतं, तेव्हा तुमच्या मजकुरातला तो ‘शिथिल’ खोडा, ‘संपुष्ट’ला त्याचा ‘त’ परत द्या आणि ‘झाले’च्या जागी ‘आले’ लिहा.