झिंक सल्फेटच्या दोन पिशव्या : नाव एक, क्रमांक दोन

प्रश्न : दोन्ही पिशव्यांवर ‘झिंक सल्फेट’ छापले आहे, एकीवर २१ टक्के झिंक, दुसरीवर ३३. रसायनांच्या संदर्भग्रंथात याच नावाखाली निरनिराळे आकडे सापडतात. शिफारस हेक्टरी २५ किलोची आहे. कोणते किती टाकायचे? औषधे एकत्र फवारण्याआधी तोच ग्रंथ पाहिला तर चालेल का?

उत्तर : फरक पाण्याचा आहे. २१ टक्केवाले हेप्टाहायड्रेट. त्याच्या एका रेणूत पाण्याचे सात रेणू असतात. ३३ टक्केवाले मोनोहायड्रेट, त्यात एकच. शुद्ध पदार्थात झिंक अनुक्रमे २२.७ आणि ३६.४ टक्के भरते आणि ग्रंथातले आकडे शुद्ध पदार्थाचे असतात. म्हणून हिशेब पिशवीवरच्या टक्केवारीनेच करा. शिफारस हेप्टाची असेल तर २५ × २१ ÷ ३३, म्हणजे मोनो सुमारे १६ किलो पुरते. तेही २५ किलो टाकले तर हेक्टरी ३ किलो झिंक जास्त जाते. हेप्टा कोरड्या हवेत पाणी सोडते, त्यामुळे उघड्या पिशवीचे वजन घटते, पण झिंक तेवढेच राहते.

नावावर विसंबू नका, सीएएस क्रमांकाने (प्रत्येक रसायनाला दिलेल्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाने) शोधा. हेप्टाचा ७४४६-२०-०, मोनोचा ७४४६-१९-७. मर्क इंडेक्स या रसायनांच्या संदर्भग्रंथात क्रमांकावरून थेट नोंद गाठता येते. क्रमांक उतरवताना चूक झाली का, तेही तपासता येते. हेप्टाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक सोडून उरलेले अंक उजवीकडून १, २, ३ असे गुणत जा : ०×१, २×२, ६×३, ४×४, ४×५, ७×६. बेरीज १००, तिचा शेवटचा अंक ०, आणि सोडलेला अंकही ०, म्हणजे क्रमांक जुळला. पिशवीत तोच माल आहे, याची हमी मात्र यातून मिळत नाही.

मिश्रणासाठी ग्रंथात ‘विद्राव्यता’ आणि ‘स्थिरता’ वाचा. मॅलॅथिऑन हे कीटकनाशक अल्कलीत (चुन्यासारख्या आम्लविरोधी पदार्थात) विघटन पावते, म्हणून चुना असलेल्या बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकात, ते नको. झिंक सल्फेट आणि विद्राव्य फॉस्फेट एका टाकीत घातले तर झिंक फॉस्फेटचा साका बसतो आणि नोझल तुंबते. कडुनिंबातले कीटकनाशक अझाडिरॅक्टिन उन्हात टिकत नाही. फवारणी संध्याकाळी करा.

बाटलीतल्या द्रावकाचे आणि इमल्सिफायरचे (तेल पाण्यात मिसळवणाऱ्या पदार्थाचे) वर्तन मात्र त्या नोंदीत नसते. त्यासाठी पारदर्शक बरणीत अर्धा लिटर पाणी घ्या, फवारणीच्याच प्रमाणात औषधे एकेक करून घाला, ढवळा आणि अर्धा तास ठेवा. गुठळी, साका किंवा तेलाचा थर दिसला तर बेत रद्द. मॅलॅथिऑनचे विघटन मात्र बरणीत दिसणार नाही, पाणी स्वच्छच राहील. ते ग्रंथच सांगतो. एलडी ५०चा (चाचणीतले निम्मे प्राणी मरतात त्या मात्रेचा) आकडाही मूळ घटकाचा असतो, आणि तो जितका लहान तितके विष तीव्र. मात्रा, पीक आणि काढणीपूर्वीचा थांबण्याचा काळ यांसाठी लेबलच पाहा.