एक काम, एक जागा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

कंपनीत सगळ्यांनी मिळून काम करावं म्हणून तू आणलेल्या नव्या चॅट सॉफ्टवेअरबद्दलचं तुझं पत्र दोनदा वाचलं. "एवढं सगळं केलं, तरी लोक वापरतच नाहीत" हे वाक्य त्यात तीन वेळा आलं आहे. काय काय केलं त्याची यादीही दिली आहेस. सगळ्यांना लॉगिन दिलं, ४२ चॅनेल (एकेका विषयाच्या चॅटच्या खोल्या) उघडले, दोन-दोन तासांची प्रशिक्षणं घेतली, साहेबांच्या सहीनं स्वागताचा मेल गेला. तीन महिन्यांनी वाढदिवसांचा चॅनेल तेवढा जिवंत आहे आणि बाकी सगळीकडे शुकशुकाट. आता बक्षिसं ठेवू, पॉइंट देऊ, की सॉफ्टवेअरच बदलू, असं विचारतेस.

यातलं काहीही करू नकोस. तुझ्या यादीत एक गोष्ट नाही आणि ती नसल्यामुळे बाकीचं सगळं वाया जातंय. तू माणसं तिथे नेलीस, काम नेलंच नाहीस. काम अजून मेलवर आणि फोनवरच्या ग्रुपवर चालू आहे. ज्या जागी काम होत नाही, तिथे शहाणा माणूस रोज डोकावणार तरी का? म्हणून पहिल्यांदा हे लिहितो आणि पुढे पुन्हा पुन्हा लिहिणार आहे: एक काम, एक जागा. ते काम पूर्णपणे तिथे हलायला हवं आणि त्याचा जुना रस्ता बंद व्हायला हवा.

"लोकांचा बदलाला विरोध आहे" असं तुमच्या बैठकीत ठरलं म्हणे. हे वाक्य ऐकलं की माझा संयम सुटतो. संगणक-संशोधक जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ साली एकत्र काम करण्याची अशी सॉफ्टवेअर का फसतात हे मांडलं, तेव्हाच मुद्दा स्पष्ट झाला होता: जास्तीचं काम एकाला पडतं आणि फायदा दुसऱ्याला होतो. त्यांचं एक उदाहरण सामाईक कॅलेंडरचं होतं. बैठक ठरवणाऱ्याची सोय व्हावी म्हणून बाकी सगळ्यांनी आपापलं कॅलेंडर भरत बसायचं. कोण भरेल? आता तुझ्या "दैनिक प्रगती" चॅनेलकडे बघ. लिहायचं इंजिनिअरनं, वाचायचं व्यवस्थापकानं, आणि शुक्रवारी तोच मजकूर पुन्हा एक्सेलमध्ये भरायचा. याला विरोध म्हणू नकोस, लोकांनी साधा हिशेब केला आहे.

वांडा ऑर्लिकोव्स्की या संशोधिकेनं एका मोठ्या सल्लागार कंपनीत लोटस नोट्स हे माहिती वाटून घेण्याचं सॉफ्टवेअर कसं रुजतं याचा अभ्यास १९९२ मध्ये मांडला. तिथे बढती स्वतःच्या खास ज्ञानावर मिळत होती आणि प्रत्येक तास ग्राहकाच्या खात्यावर लावायचा होता. मग ज्ञान वाटून टाकणार कोण आणि शिकायला वेळ काढणार कोण? सॉफ्टवेअर चांगलं होतं. कंपनीचे नियमच त्याच्या आड येत होते. तुमच्याकडे वार्षिक मूल्यमापनाच्या कागदावर दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर दिल्याची नोंद कुठे होते का, हे आधी बघून ये.

आता कामाचं बोलू. ४२ चॅनेलचा विचार सोड, एकच काम निवड. ते रोज घडणारं हवं, निदान दोन विभागांतून जाणारं हवं, आणि त्यात आठ ते वीस माणसं असावीत. दर आठवड्याला त्यात काहीतरी हरवत असेल आणि त्याचा सगळ्यांना त्रास होत असेल, तर उत्तमच. माल उशिरा किंवा चुकीचा पोचल्याच्या तक्रारी हे मला आवडणारं उदाहरण आहे. विक्रीचा माणूस मेल टाकतो, गोदामाचा माणूस फॉरवर्ड करतो, हिशेबवाला सीसीत असतो आणि ग्राहकाला नेमकं काय कळवलं हे कुणालाच सांगता येत नाही. वाढदिवस, घोषणा, "ज्ञानाची देवाणघेवाण" असली कामं निवडू नकोस. ती अडली तरी कुणाचं काही अडत नाही.

निवडलंस की तीन दिवस नुसतं बघ आणि मोज. एका तक्रारीवर किती मेल होतात, प्रश्न कोण विचारतं, निर्णय कोण घेतं, तो शेवटी कुठे लिहिला जातो. कागदावर बाण काढ. हा कागद हातात नसताना चॅनेल उघडलास तर पुन्हा एक रिकामी खोलीच उघडशील.

मग एक चॅनेल कर. नाव असं दे की नव्या माणसालाही न विचारता कळावं, "तक्रार-वितरण" इतकं साधं. नियम चारच ठेव. एक तक्रार, एक थ्रेड, म्हणजे एका मेसेजखाली जोडलेली उत्तरांची एकच साखळी. पहिल्या मेसेजमध्ये चार ओळी: ग्राहक, ऑर्डर क्रमांक, काय बिघडलं, कुणाकडून कधीपर्यंत काय हवं. मेसेज पाहिला की त्यावर डोळ्यांची इमोजी, मिटलं की बरोबरच्या खुणेची. आणि शेवटचा मेसेज "निर्णय:" या शब्दानं सुरू करायचा. या शेवटच्या नियमावर हट्ट धर. सहा महिन्यांनी कुणीतरी शोधेल तेव्हा तीस मेसेजच्या ढिगातून त्याला तीच ओळ हवी असणार. पुन्हा पुन्हा लागणारा निर्णय असेल तर तो विकीच्या (कंपनीच्या सामाईक माहितीकोशाच्या) पानावर नेऊन ठेव आणि थ्रेडमध्ये त्याची लिंक दे. चॅट वाहून जातं. ते कपाट आहे असं समजू नकोस.

एक सोमवार ठरव. त्या दिवसापासून तक्रारीचं उत्तर मेलवर मिळणार नाही. पहिले दोन आठवडे कुणी सवयीनं मेल टाकलाच तर रागावू नकोस, स्वतः त्याच्या वतीनं थ्रेड उघड आणि मेलला एका ओळीचं उत्तर दे: "इथे टाकलं आहे, उत्तर इथेच मिळेल", खाली लिंक. तिसऱ्या आठवड्यापासून तेही थांबव. विभागप्रमुखांशी मात्र सोमवारच्या आधी समोरासमोर बोल. त्यांनी एकदा जरी मेलवर उत्तर दिलं, तरी अख्ख्या विभागाला कळतं की खरा दरवाजा अजून तोच आहे. साहेबांच्या सहीच्या स्वागतपत्राला फारशी किंमत नाही. साहेब उत्तर कुठे देतात, लोक तेच बघतात.

इथे तू कचरशील, ठाऊक आहे. "मेलही राहू दे, लोक हळूहळू येतील" असं म्हणणारे बैठकीत समजूतदार वाटतात. मला हटवादी म्हणतात, म्हणू देत. मार्केटिंगचे प्राध्यापक जॉन गुरव्हिल यांनी २००६ मध्ये दाखवलं की हातातल्या गोष्टीचं मोल माणूस साधारण तिप्पट धरतो, आणि नवी वस्तू आणणारा आपल्या वस्तूचं मोल तिप्पट धरतो. दोघांच्या अंदाजात नऊपट अंतर. त्याच वर्षी अँड्र्यू मॅकॅफी या संशोधकानं हाच हिशेब मेलला लावला. तुझं सॉफ्टवेअर मेलपेक्षा थोडं सरस असून भागत नाही, आणि नऊपट सरस ते कधीच होणार नाही. म्हणून दोन्ही रस्ते उघडे ठेवले की जुनाच जिंकतो. एकच माहिती रोज दोन ठिकाणी तपासायला लावणं ही माझ्या मते खरी जबरदस्ती आहे. जुना रस्ता बंद करणारा त्या माणसाचा भार हलका करतो. हे मला फार उशिरा उमगलं. त्याआधी "प्रशिक्षण वाढवा, उत्साह वाढवा" हाच सल्ला मीही देत होतो आणि त्या वर्षांची खंत अजून जात नाही. म्हणून तुला इतक्या जोरानं सांगतोय. एक काम, एक जागा.

आणि एक जोडलंस तर एक काढ. तक्रारींचा चॅनेल नीट चालू लागला की त्याच विषयाची साप्ताहिक बैठक रद्द करून घे, किंवा ते एक्सेल बंद कर. लिहिणाऱ्याला स्वतःचा वाचलेला अर्धा तास दिसला पाहिजे.

बिघडतं कुठे तेही ऐक. सगळ्यात आधी सूचनांच्या कलकलाटानं बिघडतं. कुणीतरी उत्साहात सगळ्या चॅनेलला हाक मारतं, दोनशे फोन एकदम वाजतात, लोक वैतागून अख्खं ॲपच म्यूट करतात आणि मग कामाची हाकही ऐकू येत नाही. सर्वांना हाक मारायची मुभा फक्त चॅनेल सांभाळणाऱ्यांना ठेव. बाकी चॅनेलची सूचना "माझं नाव आलं तरच" अशी लावायला शिकव. प्रशिक्षणात हीच गोष्ट पहिली हवी. प्रशिक्षण म्हणजे माणसाच्या स्वतःच्या टेबलापाशी, त्याच्याच आजच्या तक्रारीवर वीस मिनिटं, एवढंच. सभागृहात दोन तास सगळी बटणं दाखवून काही होत नाही.

दुसरं, डीएम, म्हणजे एकट्याला पाठवलेला खासगी मेसेज. लोक खासगीत विचारतात कारण वरिष्ठांसमोर आपलं अज्ञान दिसेल ही भीती असते. ही भीती खरी आहे, तिला हसू नकोस. उपाय एकच: वरिष्ठांनी आधी चॅनेलमध्ये साधे प्रश्न विचारायचे. आणि खासगी नसलेला प्रश्न डीएममध्ये आला की "चॅनेलमध्ये टाक, तिथे उत्तर देतो" म्हणायचं आणि दहा मिनिटांत खरंच द्यायचं. धीर करून उघड विचारलेला प्रश्न दिवसभर लोंबकळत राहिला, तर तो माणूस पुन्हा येणार नाही, आणि त्याच्याकडे बघणारे आणखी चौघंही येणार नाहीत. म्हणून पहिले चार आठवडे रोज एकाची पाळी लाव: दोन तासांपेक्षा जास्त कोणताही थ्रेड अनुत्तरित राहता कामा नये.

फायलींचं नीट समजून घे, कारण याचा फटका वर्षभरानं बसतो. मायक्रोसॉफ्टच्या टीम्समध्ये चॅनेलवर टाकलेली फाइल त्या टीमच्या शेअरपॉइंटमध्ये, म्हणजे सामाईक साठ्यात जाते. पण वैयक्तिक चॅटमधून पाठवलेली फाइल पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या वनड्राइव्हमध्येच, म्हणजे त्याच्या वैयक्तिक साठ्यात राहते. तो नोकरी सोडून गेला आणि त्याचं खातं काढलं, की सेटिंग बदललेलं नसेल तर त्याचं वनड्राइव्ह ३० दिवस टिकतं. त्यानंतर चॅटमधली लिंक दिसते, फाइल उघडत नाही. स्लॅक या दुसऱ्या चॅट सॉफ्टवेअरच्या मोफत योजनेत ९० दिवसांपलीकडचे मेसेज दिसत नाहीत. मागचं काही सापडत नाही असं एकदा वाटलं की माणूस आपली प्रत परत मेलवर ठेवू लागतो आणि तू पुन्हा दोन जागांवर येतेस. मेसेज किती काळ ठेवायचे हे कायदेविभागाशी पहिल्याच आठवड्यात ठरव. लॉगिन कंपनीच्या मुख्य खात्याशी जोडून घे, म्हणजे माणूस गेला की त्याचा प्रवेशही त्याच दिवशी बंद होईल.

गोदामातल्या आणि फिरतीवरच्या माणसांकडे कंपनीचा मेल आहे का, ते विचार. नसेल तर त्यांना लॉगिन मिळालेलंच नाही आणि त्यांचा फोनवरचा ग्रुप चालूच राहणार. तक्रारीचं खरं उत्तर त्यांच्याकडेच असतं. आधी त्यांची सोय कर.

सॉफ्टवेअर बदलायचं का, याचं उत्तर नाही. टीम्स, स्लॅक काहीही असो, ब्रँडनं हे सुटत नाही. गूगल वेव्ह हे असंच एकत्र काम करण्याचं साधन २००९ मध्ये गाजावाजात आलं आणि २०१० मध्ये त्याचं काम थांबवलं गेलं. फेसबुकचं कंपन्यांसाठीचं वर्कप्लेस २०१६ मध्ये आलं आणि २०२४ मध्ये ते बंद करत असल्याचं मेटानं (फेसबुकच्या मालक कंपनीनं) जाहीर केलं. साधनं जातात. सगळा डेटा बाहेर कसा काढता येतो तेवढं आजच तपासून ठेव, आणि जे आहे त्यावर काम कर.

आढावा बैठकीत "सक्रिय वापरकर्ते" हा आकडा नेऊ नकोस. शुभेच्छांवर अंगठा दाखवणाराही त्यात मोजला जातो. कुणीतरी वेबसाइटच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांचं २००६ चं ९०-९-१ काढेल: नव्वद टक्के लोक नुसतं वाचतात, नऊ टक्के अधूनमधून लिहितात, एक टक्का सतत. ते ऐच्छिक गप्पांच्या जागांबद्दल आहे. तुझ्या चॅनेलमध्ये काम आहे, तिथे लिहिल्याशिवाय माल हलणार नाही. दर शुक्रवारी वीस तक्रारी हातानं तपास. किती मेलवरही फिरल्या, पहिलं उत्तर किती वेळात आलं, आणि त्या थ्रेडमध्ये नसलेल्या माणसाला शोधून निर्णय सापडला का. तिसरी गोष्ट शेजारच्या विभागातल्या कुणाला तरी बसवून समोर करून बघ. मेलवर फिरलेल्यांचा आकडा वीसपैकी दोनच्या खाली गेला की दुसरं काम निवड, त्याआधी नको. तोवर उरलेल्या चॅनेलपैकी पाच-सहा ठेवून बाकीचे अर्काइव्ह कर. कुणी तक्रार करणार नाही, बघ.

तू मेहनती आहेस, म्हणूनच दमली आहेस. ४२ ठिकाणी पाणी घालत होतीस. आता दोन दिवस सुट्टी घे, खरंच घे, आणि मग तो बाणांचा कागद काढायला बस.

पुढच्या पत्रात किती जण सक्रिय आहेत ते लिहू नकोस. कोणतं काम निवडलंस, आणि ठरलेल्या सोमवारनंतर पहिला मेल आला तेव्हा विभागप्रमुखांनी उत्तर कुठे दिलं, तेवढं कळव.