एच-इंडेक्स बघून गाइड निवडू का?

प्रश्न : नमस्कार ताई, माझं ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी झालंय, जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) पण मिळालीय, आता पीएचडीसाठी गाइड बघतेय. दोन सरांशी बोलणं झालंय. एक सर नवीन रिअ‍ॅक्शन शोधतात, त्यांचा एच-इंडेक्स ४२. दुसरे टोटल सिंथेसिसवाले, म्हणजे अवघड रेणू लॅबमध्ये साध्या पदार्थांपासून बांधणारे, त्यांचा १७. मैत्रिणी म्हणतात डोळे झाकून ४२ कडे जा. पण मला मनापासून सिंथेसिस आवडतं. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जेआरएफबद्दल आधी खूप खूप अभिनंदन!

एच-इंडेक्स ही २००५ मध्ये होर्हे हिर्श या फिजिक्सच्या प्रोफेसरांनी काढलेली कल्पना. ४२ म्हणजे त्या सरांचे ४२ पेपर असे आहेत की प्रत्येकाला निदान ४२ सायटेशन आहेत, म्हणजे इतरांच्या पेपरांत त्याचा तितक्या वेळा उल्लेख झालाय. यात वय धरत नाहीत, ग्रुपमध्ये किती मुलं राबतात तेही धरत नाहीत, आणि एखाद्याचे आयुष्यात पाचच पेपर असतील तर ते कितीही भारी असू देत, आकडा पाचच्या वर जाणारच नाही.

आता जपानी केमिस्ट अकिरा सुझुकींचं बघ, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. १९६३ ते ६५ ते अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात हर्बर्ट ब्राउन यांच्याकडे बोरॉनची केमिस्ट्री शिकले आणि परत जपानला होक्काइदो विद्यापीठात जाऊन त्याच बोरॉनमागे लागले. ऑरगॅनोबोरॉन कंपाउंड तशी थंड, सहज रिअ‍ॅक्ट होत नाहीत, म्हणून बरेच जण तिकडे फिरकत नव्हते. सुझुकी आणि त्यांचे सहकारी मियाउरा यांनी पॅलेडियमच्या जोडीला बेस घातला आणि कपलिंग, म्हणजे दोन रेणूंचे तुकडे कार्बनपाशी जोडणं, चालू झालं! हे १९७९ मध्ये छापून आलं, म्हणजे पर्ड्यूहून परतल्यावर चौदा वर्षांनी. नोबेल मिळालं २०१० ला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. आज ब्लडप्रेशरची लोसार्टान बनवायच्या एका मार्गात हीच रिअ‍ॅक्शन आहे. आणि गंमत बघ, त्या १९७९ च्या मूळ पेपरपेक्षा कितीतरी जास्त सायटेशन त्या दोघांच्याच १९९५ च्या रिव्ह्यूला (आधीच्या कामाचा आढावा घेणाऱ्या लेखाला) आहेत, आणि आता तर लोक नुसतं ‘सुझुकी कपलिंग केलं’ असं लिहून पुढे जातात, मूळ पेपरचा उल्लेखही करत नाहीत. मग आकड्यात ते दिसणार कुठून?

तुझ्या दोन सरांची तुलना मला म्हणूनच पटत नाही. नवीन रिअ‍ॅक्शन कुणीही उचलून आपल्या फ्लास्कमध्ये वापरतं, म्हणून सायटेशन भराभर वाढतात. टोटल सिंथेसिस लोक वाचतात, वाहवा करतात, पण तोच रेणू परत बनवायला कोण बसतंय? वुडवर्ड आणि एशेनमोझर या केमिस्टांच्या ग्रुपनी व्हिटॅमिन बी१२ बांधलं, शंभरच्या आसपास माणसं, दहा-अकरा वर्षं, १९७२ ला संपलं. तो मार्ग वापरून कुणी बी१२ विकत नाही. पण त्याच कामात एक रिंग अपेक्षेपेक्षा वेगळी वागली, वुडवर्डनी ते सोडून दिलं नाही, आणि त्यातून १९६५ मध्ये रेणूतली रिंग कशी बनेल किंवा उघडेल हे सांगणारे वुडवर्ड-हॉफमन नियम आले, जे तू एमएस्सीला पाठ केलेस!

आकडा अगदीच फेकून दे असं मी म्हणत नाही. १७ ची तुलना सिंथेसिसमधल्याच, त्याच वयाच्या लोकांशी कर. मग दोन्ही सरांचे गेल्या पाच वर्षांतले पेपर उघड, त्यात पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का बघ, रिव्ह्यू किती आणि स्वतःचं लॅबचं काम किती तेही बघ.

आणि एक दिवस दोन्ही लॅबमध्ये जाऊन ये. सर नसताना तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांशी चहाला बस. एखादी स्टेप सहा महिने चालली नाही तेव्हा सर काय म्हणाले, हे विचार. मला स्वतःला गाइड निवडताना हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला इतकं कळकळीनं सांगतेय. १७ वाल्या सरांकडची मुलं ‘सर स्वतः हूडपाशी (प्रयोगाच्या कपाटापाशी) येऊन उभे राहिले’ असं म्हणाली, तर मी तुझ्या जागी तिथंच जाईन.